गाडी नाही, मेट्रोपार्कहून एजवॉटरच्या मित्सुवाला ट्रेन-बसने कोणी गेलंय का?

पिठलंभात

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीत इसेलिनला आलो. त्याआधी सहा वर्षं जपानात, उत्सुनोमियाला होतो. लेक तिथेच जन्मली, तिथल्या होइकुएनमध्ये म्हणजे पाळणाघरात वाढली, आता साडेपाच वर्षांची आहे आणि तिच्या जिभेला लागलंय सगळं तिकडचं. रोज सकाळी भाताबरोबर नात्तो म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन हवे असतात, ते नसतील तर फुरिकाके म्हणजे भातावर भुरभुरायचा मसाला तरी हवा, आणि मी वरणभात-तूप-लिंबू पुढे ठेवलं की ती असं बघते जसं मी काहीतरी विसरलेय.

गंमत म्हणजे उत्सुनोमियाला असताना मी तूरडाळ आणि हिंगासाठी महिन्यातून एकदा शिन-ओकुबोला जायचे. शोनान-शिंजुकू लाइनने जवळजवळ पावणेदोन तास शिंजुकूपर्यंत, मग यामानोतेचं एक स्टेशन, आणि येताना पाठीवर सॅकमध्ये पाच किलो डाळ. तेव्हा वाटायचं की एकदा का आपल्या लोकांच्या गावात राहायला गेलो की हे थांबेल. आता ओक ट्री रोड घरापासून चालत आहे, मेथी ताजी मिळते, शेवग्याच्या शेंगा मिळतात, चितळ्यांची बाकरवडी मिळते, आणि मी नात्तो कुठे मिळेल ते शोधतेय 😄

तर सगळे म्हणतात एजवॉटरचं मित्सुवा, ते मोठं जपानी सुपरमार्केट. नवऱ्याला शनिवारी काम असतं आणि गाडी तोच नेतो, माझी रोड टेस्ट अजून व्हायचीय. त्यामुळे मी आणि लेक ट्रेन-बसने जाणार. गूगल मॅप दर वेळी वेगळा रस्ता दाखवतो, एकदा अडीच तास एकदा तीन तास, एकदा तर चार वाहनं बदलायला सांगितली. कोणी खरंच असं गेलंय का? फ्रोजन सामान घरी येईपर्यंत टिकतं का? आणि मुळात हा वेडेपणा आहे का तेही सांगा, राग नाही येणार.

हडसनकाठ

वेडेपणा आहे पण करण्यासारखा आहे. मी एजवॉटरच्या थोडं खाली वीहॉकनला राहते, रिव्हर रोडवरून रोज बसने ये-जा असते, त्यामुळे हे पाठ आहे.

सगळ्यात सोपा रस्ता सांगते, गूगलचं ऐकू नका. मेट्रोपार्कहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची ट्रेन धरून सरळ न्यूयॉर्क पेन स्टेशन, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. पेनमधून एट्थ ॲव्हेन्यूच्या बाजूने वर या आणि वरच्या दिशेला चालायला लागा, 34 नंबरच्या रस्त्यापासून पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनल चाळीस-बेचाळीस नंबरला आहे, लहान मूल धरून पंधरा मिनिटं. सबवे घेऊ नका, एका स्टेशनासाठी जिने उतरा-चढा करण्यात तेवढाच वेळ जातो. तिथून 158 नंबरची बस. गेट स्क्रीनवर बघायचं कारण वेळेप्रमाणे बदलू शकतं. पोर्ट अथॉरिटीला चढायच्या आधी तिकीट हातात लागतं, मशीनवर काढा नाहीतर ॲपवर, ॲपवरचं असेल तर बस समोर दिसल्यावरच ॲक्टिव्हेट करा, रांगेत उभं राहून करू नका.

बस लिंकन टनेलमधून जर्सीत परत येते (हो, तुम्ही जर्सीतून न्यूयॉर्कला जाऊन परत जर्सीतच येताय, त्यावर जास्त विचार करू नका) आणि मग नदीकाठाने वर जाते. लेकीला उजवीकडच्या खिडकीत बसवा, पूर्ण मॅनहॅटन दिसतं. मित्सुवा रिव्हर रोडवरच आहे, जाताना बस दुकानाच्याच बाजूला सोडते.

येताना मात्र रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभं राहायचं!!! हे लिहून ठेवा. सिग्नलवरूनच ओलांडा, तिथे गाड्या फार जोरात असतात.

शनिवार-रविवारी 11 वर्षांपर्यंतची दोन मुलं एका तिकिटावर फुकट असतात, त्यामुळे लेकीचं तिकीट काढू नका. तुमचं मात्र काढावं लागेल आणि ते स्वस्त नाही, 2024च्या जुलैत 15 टक्के वाढलं आणि आता दरवर्षी 3 टक्के वाढवायचं ठरलंय.

ढेकूण_बाय_चॉइस

एडिसनला एच मार्ट आहे, 99 रँच आहे, आशियाई किराण्याची दुकानं, दोन्हीकडे नात्तो मिळतो, फ्रोजन सेक्शनमध्ये टोफूच्या आसपास बघा. फुरिकाके मिळतं, जपानी करीचे डबे मिळतात, जपानी तांदूळ तर पोत्याने मिळतो. इसेलिनहून उबर केलीत तरी ट्रेनच्या तिकिटापेक्षा फार जास्त होणार नाही. अडीच तास कशाला????

पिठलंभात

हडसनकाठ, खूप खूप आभार, अगदी हवं तेच मिळालं. वरची सूचना स्क्रीनशॉट काढून ठेवलीय.

ढेकूण, एच मार्टला जाऊन आले हो. नात्तो आहे पण एकच प्रकारचा होता आणि लेकीला तो बारीक दाण्याचा लागतो, होइकुएनमध्ये तोच असायचा. शिसोची, म्हणजे जपानी सुगंधी पाल्याची, पानं होती पण ती कोरियन, पेरिला, दिसायला बहीण पण वास वेगळा. तिने एक पान तोंडात घालून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी फसवणूक केलीय. आणि खरं सांगू का मला पण एकदा त्या दुकानात नुसतं फिरायचंय.

जुनाखोड

वाचून बरं वाटलं. मी 1989 साली इकडे आलो, फोर्ट लीला पेइंग गेस्ट होतो. तेव्हा हे मित्सुवा नव्हतं, याओहान होतं. जपानातली मोठी सुपरमार्केट साखळी होती याओहान, त्यांनी 1988ला एजवॉटरचं दुकान उघडलं, तेव्हा त्या भागात जपानी कंपन्यांचे साहेब लोक कुटुंबासकट राहायचे, फोर्ट लीत आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये निम्मी माणसं वाकून नमस्कार करायची. याओहान 1997ला दिवाळखोरीत गेली आणि त्यानंतर अमेरिकेतली दुकानं मित्सुवा नावाने चालू झाली. मी अजून चुकून याओहानच म्हणतो, मुलं हसतात.

पूर्वी पोर्ट अथॉरिटीपासून दुकानाची स्वतःची शटल बस होती, जुन्या ब्लॉगवर तिचा उल्लेख सापडेल, त्याच्या भरवशावर जाऊ नकोस पोरी, 158च धर.

आणि त्यांच्या फूड कोर्टमध्ये सांतोका नावाचा रामेनवाला आहे, मूळचा होक्काइदोतल्या असाहिकावाचा, तो पण 1988चाच. माझी बायको शुद्ध शाकाहारी, तिला मी तीस वर्षं सांगतोय की नुसतं खिडकीशी बसून नदी बघ, ती म्हणते वास येतो.

एक महत्त्वाचं. एजवॉटर ज्यात येतं त्या बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणं असलं काही विकायला बंदी आहे, जुना कायदा आहे, अजून चालू. किराणा आणि खाण्याला अडचण नाही. पण किराण्याव्यतिरिक्त बाकीचं काही घ्यायचं मनात असेल तर शनिवारच बरा.

मालवणी_मुलूख

शाकाहारी लोकांनी ही पोस्ट ओलांडून जावी 🙏

पिठलंभात, तुम्ही मासे खात असाल तर मित्सुवाला जायचं खरं कारण मासळीचा काउंटर आहे. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊ, जरा जास्त चरबीचा, मीठ लावून ठेवलेल्या फाकी मिळतात. मी त्याचं तिखलं करतो, त्रिफळं घालून, फक्त मीठ घालायचं नाही कारण ते आधीच आहे, पहिल्या वेळी मी घातलं आणि तीन दिवस पाणी पीत बसलो. सुके साकुरा एबी मिळतात, गुलाबी, बारीक, ते म्हणजे आपला जवळाच समजा, कांद्यावर परतून भाकरीबरोबर लावा, आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली हा जवळा धुतलास का नीट. निबोशी म्हणजे सुकी बारीक मासळी, त्याचं सूप ते लोक करतात, मी चटणी करतो.

कधीतरी अख्खा ट्यूना आणून लोकांसमोर कापायचा कार्यक्रम पण असतो, तो असेल त्या दिवशी गर्दी प्रचंड, लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक उभे. लेकीला आवडेल पण मग बसायला जागा विसरा.

मासे ट्रेनने आणायचे असतील तर कूलर बॅग आणि बर्फाचे पॅक घरून न्या. उन्हाळ्यात मी आणत नाही, दिवाळीनंतर आणतो.

पिठलंभात

मासे खातो आम्ही, पण पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत चार महिन्यांसाठी, त्या खात नाहीत आणि आषाढ संपला की श्रावण. त्यामुळे घरात आता शाकाहारी जपानी काय करता येईल तेही बघतेय. करीचे डबे शाकाहारी असतात का? जपानात मी पाकिटावर बीफ-पोर्कची चरबी बघायचे.

आणि अजून एक, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, मोदकांसाठी पीठ इकडे नीट मिळत नाही. उत्सुनोमियाला मी जोशिन्कोचे, म्हणजे जपानी तांदळाच्या पिठाचे, मोदक करायचे, पहिल्या वर्षी भीतभीत, पण काय सुंदर झाले होते. मित्सुवाला जोशिन्को मिळतं का?

उकडहट्ट

जोशिन्को मिळतं!! पिठांच्या रॅकवर, छोटं पाकीट असतं, शेजारी शिरातामाको आणि मोचिको असतं, आणि इथेच माझा घोटाळा झाला होता तो सांगते म्हणजे बाकीच्यांचे गणपती वाचतील.

मला कोणीतरी सांगितलं जपानी तांदळाचं पीठ घे, मी मोचिको उचललं, निळ्या ताऱ्याचा पांढरा बॉक्स, तांदळाचंच पीठ ना. उकड काढली, एवढी गुळगुळीत, एवढी चमकदार की मी आईला फोटो पाठवला. कळ्या पण मस्त पडल्या, अकरा पाडल्या. चाळणीत ठेवले, दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर एकवीस मोदकांचा एकच मोदक झाला होता. सपाट, पांढरा, मध्ये मध्ये सारणाचा पिवळा डाग. मोचिको चिकट तांदळाचं असतं, त्याला वाफ लागली की ते बसतं. बाप्पाला त्या वर्षी पेढे दाखवले आणि ते प्रकरण आम्ही चमच्याने खाल्लं, चव चांगली होती, खोटं का बोला.

जोशिन्को साध्या तांदळाचं असतं, आपल्या आंबेमोहराच्या पिठासारखं वागतं पण अजून बारीक. मी एक वाटी पिठाला एक वाटी पाणी घेते, पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की गॅस बारीक करून पीठ, झाकण ठेवून दोन वाफा, मग गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायचं, जितकं मळाल तितकं चांगलं. पिठात एक चमचा शिरातामाको घातलं तर कळीला चीर जात नाही. एकच चमचा हं. दोन घातलेत की माझ्या वर्गात या.

करीबद्दल, इथे विकायला जे येतात त्यात सहसा मांसाचे घटक नसतात, बाहेरून मांसाचे पदार्थ आणण्यावर अमेरिकेचे नियम कडक आहेत म्हणून. मी गोल्डन करी आणते. लहान मुलांना व्हर्मांट गोड वाटते, त्यात सफरचंद आणि मध असतो, जपानात 1963 पासून आहे म्हणे. तरी पाकीट दर वेळी वाचायचं, घटक बदलतात. खरी गोची दाशीची, म्हणजे जपानी सूपच्या मूळ पाण्याची आहे, जवळपास सगळ्या सॉसमध्ये, सूपमध्ये, इनारीच्या पाकातसुद्धा कात्सुओबुशी म्हणजे माशाचे कीस असतात. सासूबाईंसाठी कोंबू म्हणजे सुकं समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम आणा, दोन्ही रात्रभर पाण्यात टाकून ठेवा, सकाळी ते पाणी म्हणजे दाशी. मिसो पण बघून घ्या, काहींत दाशी आधीच घातलेली असते.

आणि उपासाला जपानी रताळं!! बाहेरून जांभळं आतून पिवळट, भाजलं की मधासारखं. आमच्याकडे एकादशीला आता तेच.

ब्रुकलिनचा_बाळू

एवढं जाताय पेनपर्यंत तर परत जर्सीत का जाताय? मॅनहॅटनमध्ये काटागिरी आहे, ईस्ट 59 नंबरला, 1907 पासून, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं जपानी किराणा दुकान म्हणतात. सनराइज मार्ट आहे. नाहीतर पेनहून हेराल्ड स्क्वेअरला चालत जाऊन डी किंवा एन पकडा, ब्रुकलिनला 36 नंबरच्या स्टेशनला उतरा, इंडस्ट्री सिटीत जपान व्हिलेज आहे, 2018 पासून, आत सनराइज मार्ट आणि खाण्याचे स्टॉल. एकच ट्रेन बदलायची. बसची कटकट नाही.

हडसनकाठ

बाळूशेठ, काटागिरी छान आहे पण लहान आहे, लहान मुलाबरोबर आणि ट्रॉली घेऊन तिथे वळता येत नाही. जपान व्हिलेजला मी गेलेय, खायला मस्त, पण किराण्यासाठी मित्सुवाच मोठं पडतं. आणि रिव्हर रोडच्या खिडकीतून जे दिसतं ते डी ट्रेनमधून दिसतं का 😏

हॉबोकनवरूनचा पण एक रस्ता आहे. मेट्रोपार्कहून सेकॉकस, खाली उतरून हॉबोकनची ट्रेन, हॉबोकनहून लाइट रेलने पोर्ट इम्पीरियल, तिथे 158. मॅनहॅटन पूर्ण टळतं. पण चार वाहनं होतात, आणि शनिवारी प्रत्येक ठिकाणी थांबणं आलं. लाइट रेलचं कागदी तिकीट चढायच्या आधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर तपासनीस आला की दंड. पहिल्या खेपेला नको.

अजून एक राहिलंच. पिशव्या घरून न्या! न्यू जर्सीत 2022च्या मेपासून मोठ्या किराणा दुकानांत प्लास्टिकच्या तर सोडाच, कागदी पिशव्याही देत नाहीत. तांदूळ तिथून उचलून आणू नका, तो एडिसनला मिळतो. काचेच्या बाटल्या कमी घ्या. आणि नात्तो वाटेत वितळला तरी घाबरू नका, तो नंतर फ्रिजमध्येच ठेवायचा असतो.

ढेकूण_बाय_चॉइस

मी अजूनही म्हणतो उबर.

पिठलंभात

मंडळी जाऊन आले!! मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी 8च्या सुमाराची ट्रेन धरली. लेकीला सांगितलं होतं की आपण जपानी दुकानात चाललोय, तिने ते ऐकलं "जपानला", त्यामुळे ती स्वतःची छोटी सॅक भरून, त्यात एक बाहुली आणि पायजमा घेऊन निघाली. मेट्रोपार्कच्या फलाटावर मला हे कळलं. काय सांगणार, म्हटलं जपानसारखंच आहे, संध्याकाळी परत येऊ. ती म्हणाली मग पायजमा का घेतला मी.

पेन ते पोर्ट अथॉरिटी आम्हाला पंचवीस मिनिटं लागली कारण वाटेत प्रत्येक कबुतराला हाक मारायची होती. बस मिळाली, उजवीकडची खिडकी मिळाली, टनेलमध्ये तिने डोळे गच्च मिटले आणि बाहेर पडल्यावर नदी दिसली तेव्हा ओरडली "आई उमी!" म्हणजे समुद्र. बसमध्ये एक आजोबा होते जपानी, त्यांनी वळून बघितलं आणि तिला जपानीत सांगितलं की हा समुद्र नाही नदी आहे. त्यानंतर अर्धा तास मला तिच्याकडे बघावं लागलं नाही. मार्चपासून तिच्याशी त्या भाषेत कोणी बोललं नव्हतं, माझं जपानी हे नुसतं दुकान आणि डॉक्टरपुरतं.

घरापासून दारापर्यंत दोन तास चाळीस मिनिटं. गूगल बरोबर होता.

दुकानात शिरल्यावर ती थांबली आणि "तादाइमा" म्हणाली. घरी आल्यावर म्हणतात ते. मी लगेच मुळ्यांच्या ढिगाकडे तोंड केलं आणि दाइकोनचे भाव वाचत उभी राहिले.

असो. नात्तोचे प्रकार मोजले नाहीत पण एक अख्खं कपाट होतं, तिने बोटाने बारीक दाण्याचा दाखवला, सहा पाकिटं घेतली, एका पाकिटात तीन खोकी. फुरिकाके दोन, शिसोची पानं (खरी), कोंबू, शिताके, गोल्डन करी आणि व्हर्मांट दोन्ही, एक काबोचा भोपळा घारग्यांसाठी, आणि जोशिन्को चार पाकिटं. मोचिको शेजारीच होतं, उकडहट्ट, मी त्याला हात सुद्धा लावला नाही. भाजलेलं रताळं घेतलं आणि खिडकीशी बसून खाल्लं, समोर मॅनहॅटन. जुनाखोड काका, सांतोकाची रांग बघितली, आणि हो, वास येतो 😄 मी मात्र एक वाटी घेतली. काकूंना सांगू नका. किनोकुनियात पुस्तकं बघता बघता तासभर गेला, तिथून तिला बाहेर काढायला एक चित्रांचं पुस्तक विकत घ्यावं लागलं, त्यापुढे किराण्याचं बिल काहीच नाही.

आता घोटाळे. पहिला, लिहून ठेवलं असूनसुद्धा, स्क्रीनशॉट असूनसुद्धा, मी दुकानाच्याच बाजूच्या स्टॉपवर उभी राहिले, म्हणजे बस यायच्या उलट बाजूला. समोरून, रस्त्याच्या पलीकडून, आमची बस गेली. मग सिग्नलवरून ओलांडून पुढच्या बसची वाट, ट्रॉलीवर बसून लेकीने पूर्ण पुस्तक वाचून काढलं.

दुसरा पेन स्टेशनला. बर्फाच्या पॅकचं पाणी सुटून कापडी पिशवी खालून ओली झाली होती, शिवण उसवली, आणि काबोचा खाली पडून घरंगळत निघाला. शनिवारची संध्याकाळ, सगळे बोर्डाकडे माना वर करून उभे, आणि त्यांच्या पायांतून एक हिरवा भोपळा. "टुणुक टुणुक" गोष्ट मी तिला शंभर वेळा सांगितलीय, ती टाळ्या वाजवत मागे पळाली, मी बाकीचं सामान टाकून तिच्यामागे. एका पोलिसाने बुटाने अडवला आणि विचारलं हे काय आहे. मी म्हटलं पम्पकिन. तो म्हणाला हे पम्पकिन नाही. लेक म्हणाली काबोचा. त्याने उचलून तिच्या हातात दिला, तिने वाकून आभार मानले. त्यावर वाद संपला.

घरी पोचायला साडेसहा. नात्तो मऊ पडला होता पण गार होता. बसल्या बसल्या तिने एक खोकं उघडलं, काड्यांनी गरागरा घोटलं, तारा सुटेपर्यंत, गरम भातावर घातलं. नवरा दुसऱ्या खोलीत गेला. मग तिने वाटी माझ्यापुढे केली आणि म्हणाली, आई ह्यात तूप घाल.

घातलं.

मालवणी_मुलूख

तूप???

पिठलंभात

तूप. मी पण चाखलं. काही बोलणार नाही.

जुनाखोड

हिला सांगितलं तुझ्या रामेनबद्दल, माफ कर, राहवलं नाही. ती म्हणते पोरगी दमली असेल, खाऊ दे. मला तीस वर्षांत असं कधी म्हणाली नाही.

उकडहट्ट

चार पाकिटं गणपतीला पुरणार नाहीत हो, सासूबाई आहेत, शेजारी आहेत. परत कधी जाताय?

पिठलंभात

सासूबाई आल्या की पुढच्याच शनिवारी, त्यांनाच घेऊन, नदी बघायची म्हणताहेत. कोणाला जोशिन्को हवं असेल तर इथे लिहा, मेट्रोपार्कला येऊन घेऊन जायचं. सहा पाकिटांच्या वर आणणार नाही आणि ह्यावेळी भोपळा नाही.

ढेकूण_बाय_चॉइस

मला दोन. स्टेशनवर येतो, गाडी घेऊन येतो, तिथून पुढे घरी सोडतो तुम्हाला.